चार अधिक नऊचं पान

दुपारचे दोन वाजले की माझी नजर अजूनही घड्याळाकडे जाते. ती नोकरी सोडून बरीच वर्षं झाली, तरी तो तास काही सुटला नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी लखनौत एका सरकारी खात्यात इंजिनियर होतो. नद्यांची पातळी, बंधाऱ्यांतून सोडलेलं पाणी, वरच्या भागातला पाऊस अशी आकड्यांची बारा पानं रोज उपग्रहावरून चाळीस केंद्रांना पाठवायची, हे माझं काम. उपग्रह आम्हाला दिवसातून एकच तास मिळायचा, दोन ते तीन. एकदा पान सोडलं की चाळीसही केंद्रांना ते एकाच वेळी मिळणार, अशी सोय होती. कागदावर इतकी सोपी गोष्ट दुसरी नव्हती.

प्रत्यक्षात कुठे लाईट जायची, कुठे डिशवर माकडं बसायची, कुठे आभाळ इतकं भरून यायचं की पाच मिनिटं काहीच पोचायचं नाही. प्रत्येक केंद्राचं वेगळंच पान गळायचं. मग फोन सुरू. "साहब, चार नंबर नहीं आया, फिर से भेजिए." तो ठेवतो न ठेवतो तोच दुसरा, "सर, हमारा नौ गायब है." चार नंबरचं पान एकासाठी पुन्हा सोडलं की ते आधीच मिळालेली एकोणचाळीस केंद्रं नुसती बसून राहणार. मग नऊ, मग अकरा, मग पुन्हा चार, कारण मधल्या वेळात आणखी एकाची लाईट गेलेली. तीन वाजले की उपग्रह बंद, आणि निम्म्या लोकांची पानं तशीच राहिलेली. डायरेक्टर साहेब रोज साडेतीनला विचारायचे, "आज कितने छूटे?" मी आकडा सांगायचो आणि ते काही न बोलता चष्मा पुसायचे. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

सहा महिने असे काढल्यावर मला एक युक्ती सुचली. जगात ती नवी नव्हती, हे पुढे कळलं. पण तेव्हा ती माझी होती आणि मला तिचा फार गर्व होता.

समजा, एका केंद्राकडे चार नंबरचं पान नाही, पण नऊ आहे. दुसऱ्याकडे नऊ नाही, पण चार आहे. दोन्ही पानं वेगवेगळी परत कशाला पाठवायची? दोन्ही पानांवरचे आकडे जागच्या जागी मिळवायचे, हातचा सोडून द्यायचा, आणि ती बेरीज एकदाच पाठवायची. चारच्या पानावर एका जागी पाच असेल आणि नऊच्या पानावर त्याच जागी तीन, तर आठ पाठवायचे. ज्याच्याकडे तीन आहे तो आठातून तीन वजा करेल, त्याला पाच मिळेल. ज्याच्याकडे पाच आहे त्याला तीन. एकाच खेपेत दोघांचं काम. नीट जुळवलं तर तिघांचं, चौघांचंही. वजाबाकी केंद्रावरचा संगणक आपोआप करणार, ऑपरेटरला फक्त पूर्ण पान दिसणार. ऑफिसात त्याला 'जोड़-पन्ना' नाव पडलं.

यासाठी एकच गोष्ट लागायची. कुणाकडे कोणतं पान आहे, हे मला नक्की माहीत हवं. त्यासाठी मी एक तक्ता केला, आडवी बारा पानं, उभी चाळीस केंद्रं. ज्याचा फोन येईल त्याच्या रकान्यात, न मिळालेल्या पानासमोर फुली.

आणि ज्याचा फोन येणार नाही त्याचं काय?

हा प्रश्न मला आधी विचारला गेला होता, म्हणून तर हे लिहितोय. ऑपरेटरांना प्रशिक्षणासाठी लखनौला बोलावलं होतं. त्यांत घाघरा नदीच्या काठच्या एका केंद्राचा माणूस होता, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. आधी तो एका खासगी शाळेत गणित शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्टरसाहब म्हणत. आमच्या खात्यात आठ वर्षं रोजंदारीवर होता. येत्या हिवाळ्यात सहा जणांना पक्कं, म्हणजे नोकरीत कायम, करायचं ठरलं होतं आणि त्या यादीत त्याचं नाव होतं. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे ऑपरेटर त्याला "पक्के मास्टर" म्हणून चिडवत होते आणि तो म्हणत होता, "अरे, चिट्ठी तो आने दो भाई, नज़र मत लगाओ."

वर्गात त्याने हात वर केला. "साहब, हमारे यहाँ से लखनऊ का फोन लगता ही कहाँ है? 'इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं', बस यही सुनते रहते हैं. जिसका फोन न लगे, उसे आप क्या मानेंगे?"

"फोन नाही आला तर पान मिळालं असं धरणार," मी म्हटलं, अर्थात हिंदीत.

"उल्टा मानिए, साहब. चुप है तो मानिए कि नहीं मिला."

त्याचं बरोबर होतं. पण मी घरी हिशेब करून पाहिला होता. फोन न करणाऱ्या सगळ्यांना पानं मिळाली नाहीत असं धरलं, तर बेरजेची पानं जुळतच नव्हती. जवळजवळ सगळंच पुन्हा एकेक करून पाठवावं लागलं असतं आणि माझी युक्ती वहीतच राहिली असती. तोवर मी डायरेक्टर साहेबांना सांगून बसलो होतो की फेरपाठवणी वीस मिनिटांत आटपेल.

"मास्टरसाहब," मी म्हणालो, "आप फोन लगाते रहिए, गणित हम पर छोड़िए."

वर्ग हसला. तोही हसला, सगळे हसतायत म्हणून. मग त्याने वही मिटली.

दोन महिने सगळं छान चाललं. वीस मिनिटं म्हटलं होतं, कधी कधी पंधरातच व्हायचं. डायरेक्टर साहेब साडेतीनला चहा मागवू लागले, माझ्यासाठीही.

ऑगस्टच्या शेवटी एका दुपारी मास्टरच्या केंद्रावर ऐन दोन वाजता लाईट गेली. त्याची पहिली काही पानं बुडाली, लाईट आल्यावर फेरपाठवणीत त्यातली बरीच मिळाली, पण चार आणि नऊ ही दोन मिळाली नाहीत. तो फोन करत राहिला. लागला नाही. माझ्या तक्त्यावर त्याचा रकाना स्वच्छ होता, म्हणजे माझ्या लेखी त्याला सगळं मिळालेलं. मी दुसऱ्या दोन केंद्रांसाठी चार अधिक नऊचं पान सोडलं. ते त्याच्याही डिशने पकडलं.

आता त्याच्या संगणकाने नऊ वजा करून चार काढायचं. आजचं नऊ त्याच्याकडे नव्हतं. पण कालचं होतं. आदल्या दिवसाचं पान पुसून टाकायची सूचना मी त्या प्रोग्रॅममध्ये घातलीच नव्हती. पानांवर तारीख होती, तीही जागा वाचावी म्हणून मीच काढून टाकली होती. संगणकाने निमूटपणे कालचं नऊ वजा केलं.

पडद्यावर काहीतरी कचरा दिसला असता तर मास्टरने ओळखलं असतं. पण नऊच्या पानावर दुसऱ्या नद्यांचे आकडे होते आणि त्या नद्या कालपासून फारशा हलल्या नव्हत्या. बहुतेक आकडे काल होते तेच. त्यामुळे वजाबाकी जवळपास सगळीकडे बरोबर आली. चुकली फक्त तिथे, जिथे नऊच्या पानावरचा आकडा बदलला होता. त्यांतली एक जागा नेमकी घाघरेच्या पातळीच्या दशांशावर आली. तिथे खरा आकडा सहा होता. मास्टरला दिसला एक. अर्ध्या मीटरचा फरक. सहा म्हणजे धोक्याच्या खुणेच्या वर, एक म्हणजे खाली.

प्रिंटरची रिबन पंधरा दिवस आली नव्हती, म्हणून त्याने पान पडद्यावरून रजिस्टरात हाताने उतरवून घेतलं आणि तहसिलीला कळवलं. इशाऱ्याचा लाल झेंडा लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नदीपात्राजवळच्या एका वस्तीत पाणी शिरलं. माणसं उंचावर पळाली म्हणून वाचली. गुरं गेली, धान्य गेलं, दोन घरं गेली.

चौकशी बसली. लखनौच्या प्रतीत सहा, मास्टरच्या रजिस्टरात एक. त्या केंद्राला पान नीट मिळालं होतं का? माझा तक्ता म्हणत होता, मिळालं होतं. मग उरलं एकच, नक्कल करताना ऑपरेटर चुकला.

तक्ता मागायला शिपाई आला तेव्हा मी ते दोन आकडे शेजारी शेजारी लिहून पाहत होतो. सहा आणि एक, फरक पाच. मग मी नऊचं पान काढलं, त्या दिवसाचं आणि आदल्या दिवसाचं. त्याच जागी काल दोन, आज सात. फरक पाच. सहा आणि सात तेरा, हातचा सोडून तीन, तिनातून दोन गेले, एक. मी ते पेन्सिलने तक्त्याच्या समासात मांडलं होतं. मग खोडरबराने पुसलं, कागदावर फुंकर मारली आणि तक्ता शिपायाच्या हातात दिला.

इथेच थांबलो असतो तर निदान भित्रेपणा एवढंच नाव देता आलं असतं. पण तीन आठवड्यांनी मास्टरचा खुलासा आला. शाळेच्या रेघी कागदावर, दोन पानं. त्याने तेच गणित मांडलं होतं. दुसऱ्या केंद्रावरून त्याने दोन्ही दिवसांची नऊची पानं मिळवली होती, वजाबाकी करून दाखवली होती, आणि शेवटी लिहिलं होतं की नक्कल बरोबर आहे, पानच चुकीचं आलं. त्याचा संगणक पुरावा देऊ शकत नव्हता, त्यातली पानं कधीच बदलून गेली होती. तो खुलासा तांत्रिक अभिप्रायासाठी माझ्याकडे पाठवण्यात आला.

मी लिहिलं, "तकनीकी दृष्टि से इसकी संभावना नगण्य है." खाली सही केली.

त्याच आठवड्यात मी कुणाला न सांगता प्रोग्रॅम बदलला. रोज बारा वाजता जुनी पानं पुसायची, पानावर तारीख परत घालायची, आणि फोन न येणाऱ्या केंद्राला काहीच मिळालं नाही असं धरायचं. अर्थातच फेरपाठवणी पुन्हा तासभर चालू लागली.

"आपका कमाल कहाँ गया?" डायरेक्टर साहेबांनी विचारलं.

"बरसात है, सर," मी म्हटलं. चहा बंद झाला. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला मास्टरपेक्षा त्या गेलेल्या वीस मिनिटांचंच जास्त वाईट वाटत होतं. दुपारभर मी केंद्रांवर खेकसायचो, फोन आपटायचो. कुणी म्हणालं, "सर, चार फिर से," की मला वाटायचं, हा मला मुद्दाम छळतोय.

घरी बायकोच्या लक्षात आलं. आम्ही मूळचे सोलापूरचे, लग्नानंतर थेट लखनौला आलेलो. एका रविवारी ती अमीनाबादच्या बाजारातून पडद्याचं कापड घेऊन आली, ते मला दाखवत होती आणि मी भलतीकडेच बघत होतो. तिने कापडाची घडी घातली. "अहो, काय झालंय ते एकदा सांगून टाका."

मी सगळं सांगितलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे मला कशाला सांगताय?"

"मग कुणाला सांगू?"

"मला सांगून त्या माणसाची नोकरी पक्की होणार आहे का? तुम्हाला मी 'जाऊ द्या' म्हणायला हवंय. मी नाही म्हणायची."

आतल्या खोलीतून मुलगी ओरडली, "मम्मी, पापा रो रहे हैं क्या?"

"नाही. तू अभ्यास कर."

"कर तो रही हूँ, यार."

"आईला यार म्हणू नये," मी म्हणालो.

तरीही मी काही लिहून न देता थांबून राहिलो. हिवाळ्यात पक्क्या झालेल्यांची यादी लागली. सहाऐवजी पाच नावं होती. मास्टरला रोजंदारीवरही पुढे ठेवलं नव्हतं. नोटीस बोर्डासमोर मी ती यादी तीन वेळा वाचली, जणू सहावं नाव वाचायचं राहून गेलं असेल.

मार्चमध्ये मी टिपण लिहून दिलं. दोन पानं, गणितासकट. डायरेक्टर साहेबांनी ते उभ्याउभ्या वाचलं.

"आपकी अंतरात्मा को भी ऑडिट के महीने में ही जागना था?"

त्यांनी टिपणाचं दुसरं पान उलटलं.

"सितंबर में आपने लिखा, संभावना नगण्य है. अब लिख रहे हैं, यही हुआ. मैं ऊपर कौन-सा काग़ज़ भेजूँ?"

"यह वाला, सर. दूसरा."

"तो पहला किसने लिखा था?"

"मैंने ही."

"वही तो," ते म्हणाले आणि टिपण ट्रेमध्ये टाकलं. "आदमी या तो शुरू में बोले या फिर चुप ही रहे. आप लोग बीच का रास्ता निकालते हैं और फ़ाइल मोटी करवाते हैं."

फाईल खरंच जाड झाली. ती इथून दिल्लीला गेली, एक कागद कमी म्हणून परत आली, पुन्हा गेली. मी दर सोमवारी विचारायचो आणि दर सोमवारी क्लार्क म्हणायचा, "चल रही है, साहब, फ़ाइल है, कोई रॉकेट थोड़े ही है." माझ्या गोपनीय अहवालात शेरा आला, तो येणारच होता. पुढच्या पावसाळ्यानंतर एकदाचं पत्र निघालं. मास्टरचं केंद्र तोवर बंद करून शेजारच्या केंद्राला जोडलं होतं, त्यामुळे परत घेण्याचा प्रश्न उद्भवत नाही, असं त्यात होतं. आणि वर एक वाक्य की, उपलब्ध तथ्यांचा विचार करता संबंधित कर्मचाऱ्यावरील आक्षेप कायम ठेवण्याची आवश्यकता दिसत नाही.

ते पत्र पोस्टाने जायचं होतं. मी म्हटलं, मी नेऊन देतो. आक्षेप तर काढला, एवढ्याने त्याला थोडं बरं वाटेल, अशी माझी समजूत. मास्टर तेव्हा लखनौबाहेर चिनहटला एका कारखान्याच्या गेटवर होता. येणाऱ्याजाणाऱ्या ट्रकांचे नंबर उतरवून घ्यायचं काम. मी स्कूटरवरून गेलो. त्याने मला ओळखलं, खुर्ची सरकवली, स्वतः उभा राहिला.

"बैठिए, साहब. चाय मँगाऊँ?"

मी नको म्हटलं आणि उभ्यानेच बोलायला लागलो. रबराने पुसलेल्या गणितापासून अभिप्रायापर्यंत सगळं. रस्त्यात जुळवून ठेवलेली वाक्यं एकही धड आली नाहीत.

"मालूम था," तो म्हणाला. "जिसने वह जोड़ बनाया, वह हमारा हिसाब न समझे, ऐसा तो हो नहीं सकता. हम सोचते थे, साहब कभी तो लिखेंगे. फिर लिस्ट आ गई, तो सोचना छोड़ दिया."

मी पत्र पुढे केलं. त्याने ते हळूहळू वाचलं, पालथं करून मागे काही आहे का पाहिलं, आणि पुन्हा सुलटं केलं.

"इसमें यह तो है कि हम पर आक्षेप नहीं. गलती किसकी थी, वह कहाँ लिखा है?"

ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. माझ्या टिपणात होतं, पण टिपण फाईलमध्ये होतं आणि फाईल दिल्लीत.

"बाबूजी को दिखाना है," तो वडिलांबद्दल म्हणाला. "अंक उतारना उन्होंने ही सिखाया था. पूरे साल उन्होंने एक बार नहीं पूछा कि क्या हुआ. मान लिया कि हमसे ही छह का एक हो गया होगा. यह पढ़कर भी वही मानेंगे. कहेंगे, माफ़ कर दिया सरकार ने."

एक ट्रक आला. त्याने नंबर लिहून घेतला, लिहिलेला पुन्हा एकदा पाटीशी ताडून पाहिला, गेटचा दांडा वर केला. परत आला तेव्हा मी त्याच्याच टेबलावर पत्राच्या कोऱ्या मागच्या बाजूला लिहायला घेतलं होतं, हिंदीत. की मास्टरांनी जे पडद्यावर दिसलं तेच बरोबर उतरवलं. की पान चुकीचं गेलं, आणि ते संभवतः माझ्या चुकीमुळे. नाव, हुद्दा, तारीख, सही.

त्याने वाचलं. बोट ठेवलं.

"यह 'संभवतः' क्यों?"

मला खरंच आठवेना, मी ते कधी लिहिलं. इतक्या वर्षांच्या सरकारी मसुद्यांनी हाताला लागलेली सवय, असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. पेन घेऊन तो शब्द खोडला आणि कागद परत दिला.

त्याने तो घेतला नाही.

"काटा है तो वहाँ भी दस्तख़त कीजिए, साहब. नहीं तो बाबूजी पूछेंगे, किसने काटा."

मी खोडलेल्या शब्दाशेजारी बारीक सही केली. त्याने शाई वाळेपर्यंत कागद तसाच टेबलावर राहू दिला, वर ट्रकांचं रजिस्टर ठेवलं नाही.